ब्रेक सुटेनात

साप चावलेला माणूस गाडीत असताना ब्रेक धरून बसले तर काय होतं, ते मला विचारा. तेव्हा मी आनंदनगरच्या एका कारखान्यात होतो. कंपनीची जीप घेऊन बारवी धरणाकडून परतताना एका पाड्यापाशी एक बाई आडवी आली. तिच्या नवऱ्याला, शंकरला, भातखाचरात साप चावला होता. दोघांना मागे बसवून बदलापूरला निघालो, तर अर्ध्या वाटेत जीप जड झाली. पाय काढला तरी ब्रेक सुटेनात, चाकांतून धूर यायला लागला. इकडे शंकरचे डोळे मिटायला लागले.

“त्याला झोपू देऊ नका!” असं ओरडून मी पाना घेऊन खाली शिरलो. चाकामागचा नट सैल करून ब्रेक ऑइल सोडलं, आत अडकलेला दाब निघाला, तेव्हा कुठे चाकं मोकळी झाली.

“चाकं फिरतील, पण आता ब्रेक लागणार नाहीत,” मी म्हटलं.

बाई म्हणाली, “म्हंजी थांबायचा नाय ना? मंग चला!”

गिअरवरच वेग आवरत आलो आणि दवाखान्याच्या कुंपणाला बंपर टेकवून थांबलो. शंकर वाचला. बरा झाल्यावर म्हटलं, जीपने घरी सोडतो. दोघंही एकदमच म्हणाले, “नको सायेब, आमी चालत जातो.”