मामांनी तपासलेला बेडकांचा निबंध

अगं, आमच्या परंड्याच्या मामांचं तुला सांगितलंच नाही! मामा मेंढरं राखतात. बेडकांवरच्या माझ्या पहिल्या शोधनिबंधासाठी सगळी डबकी त्यांनीच दाखवली, म्हणून मी त्यांचं नाव सहलेखक म्हणून घातलं. फॉर्मला ईमेल लागत होता, तोही मीच काढून दिला. पुढं बरेच जण त्या निबंधाचा दाखला द्यायला लागले, आणि एक दिवस मामांच्या ईमेलवर एका परदेशी शोधपत्रिकेच्या संपादकाचं पत्र आलं: 'डॉक्टरसाहेब, सोबतचा नवा निबंध छापण्याआधी तपासून द्याल का?'

मी हसत हसत तो मामांना मराठीत सांगितला. आपल्याकडची बेडकी फक्त खोल पाण्यात अंडी घालते, असं त्यात होतं.

"खोटंय! खोल पाण्यातली अंडी मासं खातेत. म्हशीच्या खुराच्या खड्ड्यात बघ म्हणाव."

"मग नापास करू?"

"न्हाय गं. लिवणाऱ्या लेकराला परत एकदा तळ्यावर धाडा."

मामा डॉक्टर नाहीत, मेंढपाळ आहेत, हे कळवून मी त्यांचं म्हणणं जसंच्या तसं पाठवलं. उत्तर आलं: 'इतका नेमका अभिप्राय कुणी दिला नव्हता. आणखी दोन निबंध पाठवू का?'

मामांनी टोपी सरळ केली.

"पाठव म्हणाव. पर मेंढरं कातरून झाल्यावर."