आधी उतरा, मग जॅक

आमच्या सासूबाईंना गाडीतून उतरवणं म्हणजे काय असतं, ते मला विचारा. परवा लांज्याहून येताना टायर पंक्चर झाला. मी म्हटलं, "आई, आधी खाली उतरा. आत माणूस असताना जॅक लावायचा नाही."

"माझं वजन ते काय गो? तू उचल."

मी हँडब्रेक ओढला, मागच्या चाकाला दगड लावला, नट ढिले केले आणि जॅक हातात धरून उभी राहिले. "तुम्ही उतरेपर्यंत मी हात लावणार नाही."

वीस मिनिटं त्या आत, मी बाहेर. शेवटी पुटपुटत उतरल्या.

माती भुसभुशीत होती. आपण टाकीखाली, पलंगाखाली ठेवतो तसा मी जॅकखालीही जांभ्याचा चिरा ठेवला. चाक जमिनीवरून जेमतेम उचललं गेलं आणि चिरा फुटला. गाडी धाडकन खाली बसली.

सासूबाईंनी डिकीतून फणसाच्या लाकडाचा नवाकोरा पाट काढून दिला. त्यावर जॅक ठेवून मी चाक बदललं.

घरी पोचताच त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "मी हट्टाने उतरले म्हणून निभावलं. ही ऐकतच नव्हती."