अ‍ॅमस्टरडॅमचा उन्हाळा

...आणि वर कागदावर ठसठशीत अक्षरात छापलेलं, 'उन्हाळी अभ्यास दौरा'! उन्हाळी! तुम्हाला सांगते, ज्यानं कुणी तो शब्द छापला ना, त्याला मी अ‍ॅमस्टरडॅमच्या कालव्यात, उघड्या होडीत, नुसता सुती कुर्ता घालून उभा करणार आहे. जुलै महिना, दात वाजतायत, वरून पाऊस, आणि पाऊस तरी आपल्यासारखा सरळ पडावा? नाही! आडवा! कानात शिरणारा! उन्हाळा आहे म्हणे, उन्हाळा!

थांबा, नीट सांगते. नाहीतर तुम्ही म्हणाल, ही पोरगी घनसावंगीहून एकदम अ‍ॅमस्टरडॅमच्या होडीत कशी जाऊन बसली. मी अर्पिता. आमचं घनसावंगीत बियाण्याचं दुकान आहे. अण्णांचं. म्हणजे होतं अण्णांचं, आता आईचं आहे. जालन्याच्या एका बियाणे कंपनीनं (नाव नाही सांगणार, फुकटची जाहिरात कशाला?) दुकानदारांना टार्गेट दिलं होतं, कपाशीचं बियाणं इतकं विका आणि जोडीनं परदेश बघून या. जोडीनं! अण्णांनी जिवाचं रान केलं. सगळ्या तालुक्यात अण्णांच्या नावानं कडूबाशेठ कडूबाशेठ झालं. का? तर आमच्या आईला, नंदाबाईला, त्यांनी लग्नात सांगितलं होतं, तुला विमानात बसवीन. आणि तोवर बसवलं कशात होतं? घनसावंगी ते जालना जीपमध्ये, तेही मागच्या बाकावर. दौरा जिंकला, घरात पेढे आले, आणि दिवाळीनंतर एका दुपारी दुकानात पोत्याला टेकून बसले ते... बसलेच. समोरचा चहा तसाच.

असो. असो म्हणायचं असतं ना अशा वेळी? मला नाही जमत, पण म्हणते. असो.

मग कंपनीचा पारस आला. अधिकारी म्हणजे कसा, गुळगुळीत दाढी, गुळगुळीत बोलणं. "काकू, दौरा अण्णांचा आहे, तुमचा हक्कच आहे. जोडीला अर्पिताताईला घ्या." आई म्हणाली, "मी न्हाई जात. जे नेणार होते ते गेले, आता मी कुठं जाऊ?" झालं! मी पेटले. मी म्हटलं, आई, तू जायचंस! बाईनं नवऱ्याच्या मागं जग बघायचं नाही असं कुठं लिहिलंय? आणि नुसतं जायचं नाही, रंगीत साडी नेसून जायचं! कारण तुम्हाला सांगते, अण्णा गेल्यापासून आमच्या आईच्या अंगावर तीनच रंग. राखाडी, मोतिया आणि धुऊन धुऊन उडालेला आकाशी. कुणी तिला 'नेसू नको' म्हटलं नाही हो, आपल्याकडं म्हणत नाहीत, नुसतं बघतात. त्या बघण्याशी भांडायचं कसं, हे आम्हाला कॉलेजात कुणी शिकवलं नाही.

तेराव्याला मी कुंकवावरून सगळ्या भावकीशी भांडले होते. ओसरीवर उभं राहून भाषण! आणि त्याच वेळी आत भारतकाका अण्णांच्या कपड्यांचं गाठोडं बांधत होते. कपडे घरात ठेवायचे नसतात, गेलेल्याचा जीव त्यात अडकतो, देऊन टाकायचे. सदरे, पायजमे, टॉवेलसुद्धा. आई शेजारी बसून एकेक घडी करून देत होती. गाठोडं गेलं. मी आपली ओसरीवर, समाज बदलत होते.

तर, तयारी! मी नेटवर वाचलं, परदेशातल्या शहरात उन्हाळ्यात पर्यटकांनी काय घालावं. आईला म्हटलं, तिकडं जुलैत उन्हाळा असतो. आई म्हणाली, "आषाढात उन्हाळा? असं कुठं असतंय का?" मी म्हटलं, असतं, पृथ्वी मोठी आहे, आणि ठणठणीत आवाजात वाचायला लागले, कपडे सैल असावेत, सुती असावेत, हलके असावेत, आणि... आणि फिक्या रंगाचे असावेत.

आई म्हणाली, "फिके? मंग बरंच झालं. माझी तयारी हायेच की."

मी मोबाईल पालथा ठेवला, जालन्याला गेले आणि मोरपंखी साडी घेऊन आले. असली मोरपंखी की दुकानदारानं विचारलं, लग्न कुणाचंय? आईच्या बॅगेत सगळ्यात वर ठेवली. आई म्हणाली, "नेसंल गं तिकडं गेल्यावर." मी गॉगल घेतला, टोपी घेतली, उन्हाची क्रीम घेतली. आईनं काय घेतलं? कांदा! पर्समध्ये अख्खा कांदा! आमच्याकडं चैत्र-वैशाखात माणूस खिशात कांदा घातल्याशिवाय फाट्यावर जात नाही, ऊन बाधत नाही म्हणून. मुंबईच्या विमानतळावर त्या तपासणीवाल्या बाईनं कांदा दोन बोटांत धरून विचारलं, "ये क्या है?" आई म्हणाली, "कांदा हाय बाई. तिकडं उन्हाळा हाय ना."

आमची टोळी तर बघायची होती तुम्ही! सगळ्या दुकानदारांना कंपनीचे पिवळे टी-शर्ट, पोटावर कपाशीचं बोंड. कुणाच्या धोतरावर पिवळा टी-शर्ट, कुणाच्या सफारीवर पिवळा टी-शर्ट. कुंभार पिंपळगावचे राधेश्यामभाऊ जन्मात पहिल्यांदा हाफ चड्डी घालून आले होते, विमानतळ येईपर्यंत गुडघे बॅगेनं झाकून बसले. आणि अंबडचे बजरंगलालजी आणि त्यांच्या सुगनबाई. यांचं घराणं राजस्थानातून येऊन पिढ्या झाल्या, मराठी बोलतात आपल्यासारखी, पण जीव घाबरला की हिंदी सुरू. विमान वर चढलं आणि बजरंगलालजींचं घनसावंगीपर्यंत ऐकू जाईल असं, "हे रामजी! हे रामजी!"

आणि उतरलो... तुम्हाला सांगते, दार उघडलं आणि असा गार वारा आला की राधेश्यामभाऊंचे गुडघे एकमेकांना धरून थरथरायला लागले. पारस म्हणाला, "जरा ढगाळ आहे, होईल गरम." होईल! तिथली माणसं कोट घालून सायकलवर चाललीत, आणि आम्ही जालना जिल्ह्याचे चाळीस पिवळे, अंगाला उन्हाची क्रीम लावून उभे! उन्हाळा आहे म्हणे, उन्हाळा!

हॉटेलात गेल्यावर मी आईची बॅग उघडली. मोरपंखी साडी नाही. वर नाही, खाली नाही, मधे नाही. "आई, साडी?" "ऱ्हायली वाटतं घरी. वजन लई होऊन राह्यलं होतं गं." खोटं! निघायच्या आदल्या दिवशी मी स्वतः ठेवली होती! मी रागानं बॅग बंद केली. साडीच्या वजनाच्या बदल्यात दुसरं काय आलं असेल, हे डोक्यातसुद्धा आलं नाही. आम्ही शिकलेली माणसं, राग आला की आमचं गणित बंद.

दुसऱ्या दिवशी होडी. कालव्यातून शहर दाखवणार. वरून उघडी, का? तर उन्हाळी होडी! आई राखाडी साडीत, अंगावर मी दिलेला सुती स्टोल, ओठ निळे पडलेले. मी म्हटलं, आई, उतरलो की तुला जाडजूड जॅकेट घेऊ. "नको." माझा कुर्ता अजून एक घाल. "नको." तेवढ्यात सुगनबाईनं स्वतःच्या खांद्यावरची शाल काढली. लालभडक, तिच्यावर हिरवी वेल. आईच्या अंगावर टाकणार, तर हात मधेच थांबला. "भाभी... लाल आहे. तुम्हाला... चालंल का?"

बस! मला हेच पाहिजे होतं. मी उभी राहिले. हलत्या होडीत, आडव्या पावसात! न चालायला काय झालं? रंगानं कुणाचं काय घोडं मारलंय? नवरा गेला की बायकोनं आधी रंगातून जायचं आणि मग जगातून, हा कुठला न्याय? पुरुषाची बायको जाते तेव्हा त्याचा शर्ट फिका होतो का? माझा आवाज चढला. होडीवाला गोरा माणूस, त्याला वाटलं मी काही लोकगीत वगैरे म्हणतेय, त्यानं इंजिन हळू केलं. पलीकडच्या होडीतून टाळ्या आल्या, खरंच आल्या!

आणि आई खालून माझा कुर्ता ओढत म्हणते, "अर्पे, तुझं झालं की ती माझी पिशवी दे गं इकडं. लई गारठा लागून राह्यला."

मी पिशवी दिली. आईनं सुगनबाईची शाल घडी करून तिच्या मांडीवर परत ठेवली, वर हात ठेवला, "तुम्ही दिली, त्यातच ऊब आली बाई." आणि पिशवीच्या अगदी तळातून काढलं... मी म्हटलं स्टोल असेल, टॉवेल असेल...

स्वेटर. अण्णांचं. तपकिरी, पूर्ण बाह्यांचं, कोपराशी झिजलेलं. थंडीत सकाळी दुकान उघडायला घालायचे ते. ते गाठोड्यात गेलं होतं! म्हणजे मला वाटलं होतं, गेलंय. घड्या करता करता आईनं एक घडी स्वतःच्या मांडीखाली सरकवली होती, आणि भावकीतल्या कुणालाच दिसलं नव्हतं, कारण सगळे माझं भाषण ऐकत होते!

तिनं ते घातलं. बाह्या बोटांच्या पुढं लोंबत होत्या. आणि वास आला हो... बियाण्याला लावतात त्या औषधाचा, थोडा तंबाखूचा. दुकानाचा वास. परदेशात, कालव्यात! तिनं खिशात हात घातला, पोती बांधायच्या सुतळीचा एक तुकडा निघाला. तिनं बघितला आणि पुन्हा खिशात ठेवला. मला म्हणाली, "गावात थंडीत काढाया गेले होते एकदा, कपाटापर्यंत हात गेला अन् माघारी आला. लोकं म्हणतील, जीव अडकवून ठेवला. इथं कोण म्हणतंय? अन् तुझ्या अण्णायलाबी विमानात बसायचं होतंच की."

मी खाली बसले. भाषण... होतं अजून थोडं शिल्लक. राहू दिलं.

काठावर उतरल्यावर पारसची शिट्टी! "चला, फोटो, ड्रेस कोड! सगळे पिवळ्यात! काकू, ते स्वेटर दोन मिनिटं काढून टी-शर्ट घालता का? बोंड दिसलं पाहिजे." आईनं मुकाट्यानं बाही ओढायला सुरुवात केली. मी तोंड उघडणार, त्याच्या आधी बजरंगलालजी, विमानात रामजी-रामजी करणारे बजरंगलालजी, मधे आले. "अरे पारस, हे स्वेटर मी वळखतो. पंधरा थंड्या यांच्या दुकानात बसून चहा पिलोय मी, समोर हेच स्वेटर. टार्गेट कुणी केलं होतं? कडूबाशेठनं. मंग त्यांना फोटोतून बाहेर काढतो का तू?" पारसनं शिट्टी खिशात घातली. आणि सांगते, त्याचा तो गुळगुळीत चेहरा पहिल्यांदा माणसासारखा झाला. म्हणाला, "काकू, मधोमध या." चाळीस पिवळे, आणि मधे एक तपकिरी.

मग उरलेले चारही दिवस आईनं ते काढलं नाही. ट्यूलिप नव्हते, जुलैत नसतात, तेही नेटवर नव्हतं लिहिलेलं! पण आई खुशीत. पाऊस आला की खुशीत, वारा सुटला की खुशीत. एका दुपारी खरंच ऊन पडलं, सगळे आनंदानं ओरडले, आणि आमच्या आईचा चेहरा पडला. म्हणाली, "गरमी करतंय का काय आता?"

परतीला मुंबईत घामाच्या धारा, तरी अंगात स्वेटर. जालना स्टेशनला, तरी अंगात. जीपमधली माणसं बघायला लागली. आणि घनसावंगी जवळ आलं तसं तिनं ते काढलं, नीट घडी केली, पिशवीच्या तळाला घातलं. मी म्हटलं, आई, घाल की! कुणाला भितेस? मी आहे ना! आई म्हणाली, "भेत न्हाई गं. पण गावात घातलं की येईल ती बाई गळ्यात पडून रडंल. मंग मलाच सगळ्यायला गप करीत बसावं लागतं. तिथं एकबी रडलं न्हाई, किती बरं वाटलं." यावर नेटवर काही सापडतं का, मी शोधलं. नाही सापडत.

आता आई दुकानात बसते. राखाडी, मोतिया, आकाशी. मोरपंखी कपाटात. पण यंदा बियाणं असं विकलं तिनं की पारस स्वतः आला पेढे घेऊन. "काकू, अभिनंदन! टार्गेट पार! या वर्षी कंपनी दुबईला नेतेय!" मला तर उड्याच माराव्याशा वाटल्या. आईनं चष्मा वर केला, "दुबईला उन्हाळा कसा असतो रे बाबा?"

"एकदम कडक काकू! आपल्यापेक्षा जास्त!"

आईनं पेढा तोंडात टाकला, पुढच्या गिऱ्हाईकाकडं वळली आणि म्हणाली, "मंग राहू दे. आमच्या दोघायला न्हाई जमायचं."