लाल खुणेची पिशवी

इस्पितळाच्या बाकावर एक्स-रेची वाट बघत बसलेल्या शिक्षिकेला शेजारच्या भावाबहिणीचं बोलणं ऐकू येत होतं. बहीण नुकतीच परगावाहून पोचली होती. बॅग अजून मांडीवरच होती. त्यांची आई आत सलाइनवर होती.

"अंगातलं पाणी पार आटलंय म्हणतात. पाणी देत नव्हतास का दादा?"

"उशाशी बाटली भरून ठेवायचो. तशीच राहायची."

"असं कसं?"

"कचऱ्याचा नवीन नियम आलाय. अंथरुणावरच्या माणसांचे डायपर वेगळ्या पिशवीत, वर लाल खूण करून द्यायचे. गाडी फक्त मंगळवारी आणि शनिवारी नेते."

"मग द्यायचे तसे."

"देतच होतो. पण मधल्या दिवसांचे साठतात. बाल्कनीत ठेवले, तर वरच्यांनी तक्रार केली. जिन्यात ठेवले, तर सोसायटीचा सेक्रेटरी पिशवी घेऊन दारात हजर. म्हणाला, एका बाईचे एवढे होतात कसे?"

"आईच्या देखत?"

"तिचा पलंग बाहेरच्याच खोलीत आहे."

"तू काय म्हणालास त्याला?"

"त्याला काही नाही म्हणालो."

"मग कोणाला म्हणालास?"

नर्सने शिक्षिकेचं नाव पुकारलं. ती जागची हलली नाही.

"दादा?"

"दार लावून आत आलो आणि आईला म्हटलं, जरा कमी होतील असं बघ ना."

"आणि?"

"शनिवारी पिशवीत दोनच निघाले. खरं सांगू, मला बरं वाटलं."