मागची काच

दादा : ठमे, आधी ही कॅमेऱ्याची लेन्स उघडून तर बघ. न बघताच नन्नाचा पाढा लावलास.

ठमी : हलवून बघ, दादा. खुळखुळतंय ना आत? उजेड कमी-जास्त करणारी पाती तुटलीत. वाकली असती तर सरळ केली असती. पाडलीस ना?

दादा : पडली. मुद्दाम कोण पाडतं? नवी पाती घाल.

ठमी : कंपनीने ही लेन्स बंद केली तेव्हा मी दोन वेण्या घालून शाळेत जात होते. पाती काय भाजीबाजारात मिळतात? काल तू फोन केल्यापासून सगळ्या दुरुस्तीवाल्यांना विचारून झालं. आता माझं नाव दिसलं की उचलत नाहीत. अशीच एखादी मेलेली लेन्स मिळाली, तरच काही होईल.

दादा : काखेत कळसा नि गावाला वळसा! बाबांची आहे की, त्या कपाटात. हीच कंपनी, हाच नंबर. त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानाबरोबर तीही तुझ्याकडेच राहिली.

ठमी : तिला हात लावायचा नाही.

दादा : का, पूजा करतेस तिची? बाबा गेले, ठमे. वस्तू कामाला आली तर त्यांनाही बरंच वाटेल.

ठमी : तुझं कुठलं काम अडलंय? हल्ली तर तू सगळं नव्या कॅमेऱ्यावरच काढतोस.

दादा : एक गिऱ्हाईक आहे. जुन्या लेन्स जमवणारं. चालू असेल तर चांगला भाव देतो म्हणतंय.

ठमी : म्हणजे विकायला हवीय.

दादा : माझी वस्तू, मी विकीन. तुला कशाला मिरच्या झोंबतायत?

ठमी : ही घे. बाबांची. धर डोळ्याला.

दादा : हलकी लागतेय... अगं, हिला मागची काचच नाही! कुणी काढली?

ठमी : बाबांनी.

दादा : स्वतःच्या लेन्सची?

ठमी : आठवतं, तू समुद्रावर फोटो काढून आलास, तेव्हा तुझ्या लेन्सच्या मागच्या काचेवर खाऱ्या पाण्याचे चट्टे पडले होते. पहिलंच मोठं काम हातात होतं, लगेच हवी म्हणून डोक्यावर बसलास. काच कुठे मिळेना. शेवटी बाबांनी आपली उघडली आणि तुझ्यात बसवली. तू आलास, गळ्यात अडकवलीस, गेलास. कुठून आणली, एवढंही विचारलं नाहीस.

दादा : मला वाटलं, आणली असेल कुठून तरी. तू तरी सांगायचंस.

ठमी : 'त्याच्या कानावर घालू नकोस, काम करताना हात आखडेल,' म्हणाले. दुसरी लेन्स घ्या म्हटलं तर म्हणायचे, हिचीच काच मिळेल कधीतरी. वाट बघतच गेले. आणि तू शोकसभेत चार लोकांसमोर सांगितलंस, हात थरथरायला लागला म्हणून बाबांनी फोटो काढणं सोडलं.

दादा : मला खरंच तसं वाटत होतं.

ठमी : हात शेवटपर्यंत ठणठणीत होता त्यांचा. मला तिथे उभं राहून ओरडावंसं वाटलं होतं.

दादा : बरं, मग आता काय करू म्हणतेस?

ठमी : दोन्हींची मिळून एकच धड होईल. तुझी ठेवून जा. काच काढून बाबांच्यात परत बसवते. त्यांची पाती शाबूत आहेत.

दादा : आणि गिऱ्हाइकाला काय दाखवू, रिकामी नळी? त्यापेक्षा उलटं कर ना. ती पाती माझ्यात घाल.

ठमी : एवढं ऐकूनही?

दादा : झालं ते झालं. मी काच चोरली नव्हती, त्यांनी दिली. दिलेली वस्तू कुणी परत मागतं का?

ठमी : विकायला नव्हती दिली.

दादा : राहू दे. बिघडलेलीच देतो, भाव जरा कमी येईल. आण इकडे.

ठमी : दादा, निदान काच तरी...

दादा : आण म्हटलं ना!

(ठमी दादाची लेन्स फडक्याने पुसते, थोडा वेळ हातात धरते आणि टेबलावर ठेवते.)

ठमी : मागचं झाकण लावून ने. काचेला बोट लागेल.