धडधड कोणाची

दवाखान्याच्या बाकावर अंगठ्याला फडकं गुंडाळून बसलेला सुतार शेजारच्या म्हाताऱ्या नवराबायकोचं बोलणं ऐकत होता.

"सिस्टर, हिची छाती धडधडते म्हणे. मनाचे खेळ सगळे."

"आजी, बोट द्या. ठोके ब्याऐंशी. छान आहे."

"बघ! उगाच माझा दिवस घालवलास."

"सिस्टर, आलोच आहोत तर यांचंही बघा ना."

"मला काय धाड भरलीय?"

"आजोबा, एकशे चोपन्न! धावत आलात?"

"गाडीतून आलोय. मशीन बिघडलंय तुमचं."

"बसल्या जागी ठोके एवढे पळायला नकोत. आजी, तुम्हाला कधीपासून होतंय?"

"मला कुठे काय होतंय? यांच्या छातीवर डोकं ठेवलं की ऐकू येतं. यांनाच दाखवायचंय म्हटलं असतं, तर आले असते का?"



सुतारानं आपल्या नंबराची चिठ्ठी आजोबांपुढे धरली.

"आधी तुम्ही जा."