गोलपोस्टवरचा नारळ

हसू नका, आमचा फुटबॉल क्लब एका नारळाने वाचवलाय!

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मोसमातली शेवटची मॅच, हरलो की थेट खालच्या डिव्हिजनला. आणि मैदानात आम्ही सहाच! बाकीचे सातपूरला कारखान्यात ओव्हरटाइमला अडकलेले. रेफरी म्हणाला, "पाच मिनिटांत टीम आली नाही, तर मॅच त्यांना."

आमचे सेक्रेटरी अण्णा म्हणाले, "आधी नारळ तर फोडू द्या!" दर मॅचआधी गोलपोस्टवर नारळ फोडायचा आमचा रिवाजच होता. अण्णांनी सगळा राग काढून नारळ हाणला. नारळ तसाच, वाळवी लागलेला खांब मात्र कडाडकन आडवा!

रेफरीने कपाळाला हात लावला. "आता मॅच उद्या."

दुसऱ्या दिवशी अकराही हजर, मॅच बरोबरीत. सुटलो!

तो नारळ अण्णांनी जपून ठेवला. म्हणाले, "पुढच्या मोसमाला लागेल."